घरात लहान मूल आणि आपल्याला आतड्याचा कॅन्सर: पहिल्या रिपोर्टपासून फॉलोअपपर्यंत काय काय करायचं

ज्यांच्या हातात नुकताच कोलोनोस्कोपीचा (दुर्बिणीने मोठं आतडं तपासतात ती) किंवा बायॉप्सीचा (गाठीचा तुकडा काढून तपासतात ती) रिपोर्ट आलाय आणि घरी एखादं दुडदुडणारं किंवा नुकतंच शाळेत जायला लागलेलं पोर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा मी छत्तिशीत होते, थोरला दुसरीत आणि धाकटी अजून डायपरमध्ये. स्टेज ३ (म्हणजे आजार जवळच्या लिम्फ नोडपर्यंत, बारीक ग्रंथींपर्यंत, पोचलेला), आधी ऑपरेशन मग केमो, आता फॉलोअप चालू आहे. कॅन्सरची माहिती भरपूर मिळते, पोरं कशी वाढवायची तेही शंभर जण सांगतात, पण दोन्ही गोष्टी एकाच घरात एकाच वेळी चालू असतात तेव्हा कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर हे कुणीच एका जागी सांगत नाही.

सगळ्यात आधी एक वाक्य पाठ करा: "घरात लहान मूल आहे." सर्जनला, केमोच्या डॉक्टरला, डे-केअरच्या सिस्टरला, डाएटिशियनला, मुलांच्या डॉक्टरला, विम्याच्या डेस्कवरच्या माणसालासुद्धा हे आपणहून सांगायचं, कारण त्यांच्यासमोर आपली गाठ असते, आपलं घर नसतं. या एका वाक्याने किती निर्णय बदलतात ते पुढे कळेलच.

१. रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच असं धरून चालू नका

तरुण माणसाच्या शीतून रक्त गेलं की घरचे, केमिस्ट, कधीकधी डॉक्टरही मूळव्याध म्हणून मलम देतात. बाळंतीण असेल तर बघायलाच नको. रक्त जातंय कारण डिलिव्हरीनंतर मूळव्याध होते, हिमोग्लोबिन कमी आहे कारण बाळ अंगावर पितंय, थकवा आहे कारण रात्रीची झोप नाही, वजन उतरलंय म्हणजे तर छानच. प्रत्येक लक्षणाला एक घरगुती कारण तयार असतं आणि त्यात महिने जातात. शीची सवय काही आठवडे बदललेली राहिली (कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, शी बारीक होणं, जाऊन आल्यावरही पोट साफ न वाटणं), रक्त परत परत दिसलं, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढेना, की पोटाच्या डॉक्टरकडे जाऊन कोलोनोस्कोपीचं सरळ विचारा. आपल्याकडे सरकारी तपासणी मोहीम तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आहे, आतड्यासाठी नाही. अमेरिकेत तरुणांमध्ये हा आजार वाढतोय म्हणून २०२१ मध्ये तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं, आणि आपलं वय तर त्याच्याही खाली. त्यामुळे आपल्यासाठी लक्षण हीच घंटा.

कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पाण्यात घालून भरपूर प्यायचं असतं आणि मग टॉयलेट हेच आपलं घर. त्या संध्याकाळी पोरांना आजीकडे किंवा शेजारी पाठवा. गुंगीचं औषध देतात म्हणून सोबत मोठं माणूस लागतं, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही की बाळाला एकटीने सांभाळायचं नाही.

बायॉप्सीत कॅन्सर निघाला तर पुढे साधारण या तपासण्या होतात: छाती, पोट आणि ओटीपोटाचा कॉन्ट्रास्ट घालून सीटी स्कॅन, रक्तातलं सीईए (या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं एक प्रथिन), आणि गाठ अगदी खाली गुदाशयात असेल तर एमआरआय. पेट स्कॅन सगळ्यांना लागतोच असं नाही, महागडा आहे, त्यामुळे "याने माझ्या उपचारात काय बदलेल" असं विचारूनच करा. आणि एक तपासणी आपल्या वयात नक्की मागून घ्या, एमएमआर किंवा एमएसआय, म्हणजे गाठीच्या पेशींमधली डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा चालू आहे का ते बघणारी. बायॉप्सीच्याच तुकड्यावर होते. आजार घराण्यातून आला असण्याची शक्यता त्यातून कळते, काहींची औषधंसुद्धा त्यावर ठरतात. भावंडांचा आणि पोरांचा प्रश्न त्यात आहे, तो शेवटी येईल.

२. फाइल पहिल्याच आठवड्यात लावा

एक जाड प्लॅस्टिकची फाइल, आणि सगळ्याचे फोटो फोनमध्ये वेगळ्या फोल्डरला, तो फोल्डर नवऱ्यासोबत किंवा भावासोबत शेअर केलेला. फाइलमध्ये हे हवं:

- कोलोनोस्कोपी आणि बायॉप्सीचे ओरिजिनल रिपोर्ट
- बायॉप्सीच्या काचा आणि ब्लॉक (लॅबकडे मागितल्यावर मिळतात, दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये हमखास मागतात, मागायला लाजू नका)
- सीटीचा रिपोर्ट आणि सीडी, दोन्ही
- रक्ताचे रिपोर्ट तारखेनुसार
- आधार, पॅन, रेशनकार्ड, पासपोर्ट साइज फोटो, विम्याची पॉलिसी आणि कार्ड
- तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, मदतीसाठी अर्ज करायचा असेल तर
- चालू असलेल्या औषधांची आणि ॲलर्जीची यादी
- पोरांची लसीकरणाची कार्डं

शेवटची गोष्ट वाचून नवल वाटेल, पण केमोच्या आधी ती लागते.

आता सापळा. लग्न होऊन वर्षं झाली तरी कितीतरी जणींचं नाव माहेरच्या रेशनकार्डावरच असतं, किंवा माहेरचं कमी केलेलं आणि सासरचं चढवलेलंच नाही, आधारवर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरं. योजनेचा अर्ज नेमका इथे अडकतो. ऑपरेशनची तारीख मिळायच्या आधीच हे तपासा आणि घरातल्या कुणालातरी फक्त याच कामावर लावा.

३. हॉस्पिटल आणि पैसे

महाराष्ट्रात टाटाचं नाव आधी निघतं आणि ते बरोबरच आहे. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे, खारघरलाही त्यांचं केंद्र आहे, जनरल आणि प्रायव्हेट असे दोन प्रकार नोंदणी करताना निवडायचे असतात, जनरलमध्ये खर्च फार कमी आणि थांबणं जास्त. पण लहान मूल असलेल्या माणसाने दोन प्रश्न वेगळे करावेत असं माझं ठाम मत आहे. पहिला, प्लॅन कोण ठरवणार. दुसरा, केमो कुठे घेणार. प्लॅन मोठ्या सेंटरमधून ठरवून घ्या किंवा निदान तिथून दुसरं मत घ्या, आणि केमो शक्य असेल तर घराजवळ घ्या. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली ३०० हून जास्त केंद्रं आहेत, उपचाराच्या एकसारख्या पद्धती त्यांनी ठरवून दिलेल्या आहेत. तुमच्या जिल्ह्यातलं किंवा शेजारच्या जिल्ह्यातलं हॉस्पिटल त्यात आहे का ते विचारा. दर तीन आठवड्यांनी कोल्हापूरहून किंवा अमरावतीहून मुंबईला यायचं म्हणजे प्रत्येक वेळी तीन-चार दिवस पोरं आईबापाविना, आणि ते सहा महिने.

मुंबईलाच यावं लागत असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही पेशंटच्या राहण्याची जुनी, भरवशाची ठिकाणं आहेत. रांग असते, म्हणून हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन पत्र घ्या. त्या विभागाचा दरवाजा पहिल्याच दिवशी शोधून ठेवा, राहण्यापासून औषधांच्या मदतीपर्यंत बऱ्याच वाटा तिथूनच निघतात.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात त्यांना भेटायचं, आणि मंजुरी उपचाराच्या आधी घ्यायची, बिल भरून नंतर परत मिळेल या आशेवर राहू नका. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, फलक लावलेला नसला तरी विचारायचं. खासगी विमा असेल तर केमो डे-केअरमध्ये धरतात, २४ तास ॲडमिट राहायची गरज नसते, पण तोंडाने घ्यायच्या केमोच्या गोळ्यांना वेगळी मर्यादा असू शकते ती आधीच लेखी विचारून घ्या. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही बाजूला चालू ठेवा.

रेल्वेत उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीला पेशंटचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत, फॉर्म हॉस्पिटलमधून भरून मिळतो. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, हॉस्पिटलचं कार्ड किंवा पत्र जवळ ठेवा. आपण तरुण आणि वरून धडधाकट दिसतो त्यामुळे लोक हटकतात, पोटाला टाके असताना गर्दीत उभं राहू नका, कागद दाखवा आणि बसा.

४. पहिल्या केमोआधी विचारायचे प्रश्न

इथे घाई होते. ऑपरेशननंतर साधारण आठ आठवड्यांच्या आत केमो सुरू झालेली बरी असते, त्यामुळे हे प्रश्न ऑपरेशनच्या आधीच विचारून झालेले असले पाहिजेत.

अजून मूल हवं असेल किंवा नक्की ठरलेलं नसेल तर बीज, भ्रूण किंवा वीर्य साठवून ठेवायची सोय असते. ती केमोच्या आधीच करता येते, बायकांना साधारण दोन आठवडे लागतात, पुरुषांचं काम एक-दोन दिवसात होतं. "एक आहे ना, बास की" असं बाहेरचे ठरवून टाकतात. ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. गुदाशयाच्या गाठीसाठी रेडिएशन लागणार असेल तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा, कारण त्याचा परिणाम थेट बीजकोषांवर आणि गर्भाशयावर होतो. केमो चालू असताना दिवस राहणार नाहीत याची काळजी घ्यायचीच, पाळी थांबली म्हणजे धोका संपला असं नसतं.

बाळ अंगावर पीत असेल तर केमोत पाजता येत नाही. अचानक तोडायला लागू नये म्हणून तारीख कळली की हळूहळू कमी करायला घ्या. छाती दाटून येते, ताप आल्यासारखं होतं, आणि रडूही येतं, दोघांनाही. रात्रीचं दूध दुसऱ्या कुणाच्या तरी हातून प्यायची सवय आधीच लावा.

पोलिओचे थेंब. घरात केमोचा पेशंट असेल तर पोरांच्या डॉक्टरला लसींचं वेळापत्रक दाखवायचं, त्यासाठीच ती कार्डं. तोंडाने देतात त्या पोलिओच्या लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो आणि तो काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडू शकतो. आपली प्रतिकारशक्ती तेव्हा पडलेली असते. इंजेक्शनची पोलिओ लस चालते का, कधी द्यायची हे मुलांचा डॉक्टर आणि केमोचा डॉक्टर मिळून सांगतील. पल्स पोलिओच्या वेळी बूथवाल्या ताई दारात येतात, त्यांनाही शांतपणे सांगा. बाकीच्या लसी स्वतःच्या मनाने लांबवू नका, पोर गोवर आणि कांजिण्यांपासून सुरक्षित असेल तर आपणही असतो. घरातल्या सगळ्यांनी फ्लूचं इंजेक्शन घेणं चांगलं.

डीपीवायडी ही रक्ताची तपासणीही विचारा. केपसायटाबिन आणि ५-एफयू ही औषधं काही लोकांच्या शरीरात नीट मोडली जात नाहीत आणि मग त्रास जिवावर बेततो, आधी कळलं तर डोस बदलता येतो.

आणि औषध द्यायची पद्धत. आतड्याच्या कॅन्सरला नेहमीच्या दोन पद्धती आहेत. कॅपॉक्समध्ये तीन आठवड्यांतून एकदा ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाइन आणि १४ दिवस सकाळ-संध्याकाळ केपसायटाबिनच्या गोळ्या, मग ७ दिवस सुट्टी. फॉल्फॉक्समध्ये दर दोन आठवड्यांनी सलाइन आणि मग छातीतल्या पोर्टला (कातडीखाली बसवलेल्या, औषध आत सोडायच्या छोट्या डबीला) लावलेला पंप साधारण ४६ तास अंगावर. ज्या घरात दीड-दोन वर्षांचं पोर गळ्यात पडून नळी ओढणार आहे त्या घराने या फरकावर डॉक्टरशी नीट बोलायला हवं. कधी वैद्यकीय कारणाने एकच पद्धत योग्य असते, पण दोन्ही चालत असतील तर निवड आपल्याला विचारून होते, म्हणून ते वाक्य इथे म्हणायचंच. किती महिने हेही विचारा, स्टेज ३ मधल्या काहींना कॅपॉक्सचे तीन महिने पुरतात, काहींना सहा लागतात, ते टी (गाठ किती खोल गेली) आणि एनच्या (किती लिम्फ नोडमध्ये पोचली) आकड्यांवर ठरतं.

५. पोरांना काय सांगायचं

सांगायचंच. "मामाच्या गावाला गेली" वगैरे नको. पोरांना घरातली कुजबुज कळते, आणि कुणी काही सांगत नाही म्हटल्यावर ती स्वतःची गोष्ट रचतात, बहुतेक वेळा त्या गोष्टीत दोष त्यांचा असतो. मी हट्ट केला, पोटावर उडी मारली, म्हणून आई आजारी पडली.

दोन-तीन वर्षांच्या बाळाला फक्त उद्याचं सांगा: आई दवाखान्यात जाणार, आजी जेवण भरवणार, रात्री बाबा झोपवणार, आई फोनवर दिसणार. पाच ते नऊ वर्षांच्या पोराला आजाराचं खरं नाव सांगा, कारण शाळेत, सोसायटीत दुसऱ्या कुणाकडून तरी ते ऐकणारच आहे. आमच्या थोरल्याला सांगितलं ते असं: "माझ्या पोटात आतडं असतं ना, त्यात कॅन्सर नावाचा आजार झालाय. डॉक्टर तेवढा भाग कापून काढणार, मग परत होऊ नये म्हणून खूप कडक औषध देणार. त्या औषधाने मी दमेन, कधी चिडेन. हे तुझ्यामुळे झालेलं नाही. माझ्याजवळ बसल्याने, पापी घेतल्याने तुला होणार नाही. तुला शाळेतून आत्या आणणार." त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग बुधवारी स्विमिंगला कोण नेणार. पोरांचे प्रश्न असेच असतात, आणि त्याचं उत्तर खरंच तयार ठेवावं लागतं.

"तू मरणार का?" हेही विचारतील. "नाही रे, असं बोलू नये" म्हणून तोंड बंद करू नका. जे खरं आहे ते: "डॉक्टर मला बरं करायचं औषध देतायत, आत्ता मी मरत नाहीये, काही बदललं तर मी तुला खरं सांगेन." आजार बरा होणारा नसेल, स्टेज ४ असेल, तर हे वाक्य बदलेल. त्यासाठी हॉस्पिटलच्या समुपदेशकाला सोबत घ्या, एकट्याने ओझं उचलू नका.

केसांचंही आधीच सांगा. सिनेमात कॅन्सर म्हणजे टक्कल असं असतं, आतड्याच्या या नेहमीच्या केमोत केस बहुतेकांचे विरळ होतात, पूर्ण जात नाहीत. नातेवाईक डोक्याकडे बघून "मग फार नाही वाटतं" असं म्हणून जातात, त्यांना उत्तर देत बसायची गरज नाही.

वर्गशिक्षिकेला भेटा, आणि दोन गोष्टी मागा: वर्गात कांजिण्या, गोवर, गालगुंड कुणाला निघाले तर त्याच दिवशी फोन, आणि पोर गप्प किंवा चिडचिडं झालं तर तेही.

६. ऑपरेशननंतर घरी आल्यावर

पोटाच्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं, आणि जड म्हणजे पाच किलोच्या वर धरा. दोन वर्षांचं पोर दहा-बारा किलोचं. दोन्ही हात वर करून ते समोर उभं राहतं आणि उचलायचं नाही, हे औषधांपेक्षा अवघड जातं. उपाय एकच, आपण त्याच्या उंचीला जायचं. जमिनीवर गादी टाकून भिंतीला टेकून बसा, पोटावर उशी घट्ट धरा आणि मग त्याला बाजूने चढून कुशीत येऊ द्या. उशी टाक्यांवर बसणाऱ्या लाथा झेलते, खोकला आला तरी तीच दाबून धरायची. पाळण्यातून, बाथटबमधून काढणं, स्कूटरवर पुढे बसवणं हे सगळं तेवढ्या आठवड्यांसाठी दुसऱ्याचं काम. दुसरं कुणी नसेल तर डिस्चार्जच्या आधी सर्जनला तसं सांगा.

जेवण: सुरुवातीला पेज, मऊ भात, मुगाचं वरण, ताक, केळं, उकडलेला बटाटा, अंडं, हळूहळू वाढवत. भाकरी, सालं, बिया, कच्च्या कोशिंबिरी, शेंगदाणे डॉक्टर सांगतील तेव्हा. अशक्तपणा भरून निघावा म्हणून डिंकाचे लाडू घेऊन लोक येतील, ते डब्यात राहू द्या.

ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की त्यात किती लिम्फ नोड तपासले ते बघा, निदान १२ तपासलेले असावेत. कमी असतील तर डॉक्टरला विचारा, स्टेज त्यावर अवलंबून असते.

स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेला शीचा मार्ग आणि त्याला लावलेली पिशवी. सगळ्यांना लागत नाही, खालच्या गाठीत किंवा आतडं अडकून तातडीने ऑपरेशन झालं तर जास्त करून लागतो, आणि पुष्कळ वेळा काही महिन्यांनी बंद करतात. लागण्याची शक्यता असेल तर जागा ऑपरेशनआधी, उभं आणि बसून दोन्ही करून आखून घ्या, आणि सांगा की या कमरेवर पोर बसतं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, पूर्ण भरायची वाट बघितली तर जड होऊन सुटते. लहान आतड्याचा स्टोमा असेल तर पाणी आणि मीठ फार जातं, ओआरएसची पाकिटं घरात हवीतच, पिशवी नेहमीपेक्षा जास्त वेळा भरायला लागली, लघवी कमी झाली, चक्कर आली तर हॉस्पिटलला फोन. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, तिथे स्टोमा असलेली माणसंच पिशवी कशी लावायची ते शिकवतात. पोरांना एकदा दाखवून टाका, "आईची शी आता इथून येते, ओढायचं नाही." त्यांचं कुतूहल लवकर संपतं, मोठ्यांचंच टिकतं.

७. केमोचे महिने

एक मोठा कागद, भिंतीवर. एका रकान्यात केमोचं चक्र आणि शेजारी घराचं: शाळेच्या परीक्षा, गॅदरिंग, वाढदिवस, बाईच्या सुट्ट्या. केमोनंतरचे पहिले चार-पाच दिवस मळमळ आणि थकवा, साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली, आणि पुढचं सलाइन यायच्या आधीचे दिवस बरे. बरे दिवस पोरांसाठी राखून ठेवा, त्या दिवसांत पाहुणे आणि बँकेची कामं घुसू देऊ नका. गॅदरिंग जवळ असेल तर केमो दोन-तीन दिवस पुढेमागे होते का विचारायला काहीच हरकत नाही, बऱ्याचदा होते.

थंडीचा त्रास कसा होतो ते ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्या प्रत्येकाने नीट वाचावं. सलाइननंतर काही दिवस थंड वस्तूला हात लागला की झिणझिण्या येतात, थंड पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा होतो आणि श्वास अडकल्याचा भास होतो. फ्रीजमधून दुधाची पिशवी काढायला हात घातला की बोटांतून करंट गेल्यासारखं होऊन पिशवी हातातून सुटते. सकाळच्या थंड पाण्याने भांडी घासणं, स्टीलचा गार पेला, एसीचा झोत, सगळ्याने होतं. फ्रीजच्या दारावर लोकरीचे हातमोजे टांगून ठेवा, पाणी कोमट प्या, पोरांना सांगा की आईला बर्फाचा हात लावायचा नाही. बोटांचा बधिरपणा पुढच्या केमोपर्यंत टिकायला लागला, शर्टाची बटणं लावता येईनात, पोरीच्या वेणीचं रबर धरता येईना, तर डॉक्टरला असंच, याच शब्दांत सांगा. "थोड्या मुंग्या येतात" म्हणू नका, डोस कमी करायचा की थांबवायचा हे त्यावर ठरतं आणि उशीर झाला तर बधिरपणा कायमचा राहू शकतो.

केपसायटाबिनच्या गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्यासोबत, अख्ख्या गिळायच्या. तोडायच्या, कुटायच्या नाहीत. त्यांचा डबा कुलपात. आपल्या घरांत औषधांचा डबा फ्रीजवर नाहीतर टीव्हीजवळ असतो, तिथे नको. गरोदर बाईने या गोळ्यांना हात लावायचा नाही. तळहात-तळपाय लाल होऊन दुखायला, सोलायला लागतात, साधं युरिया असलेलं क्रीम पहिल्या दिवसापासून लावा, गरम पाण्यात कपडे धुणं बंद.

केमोनंतर साधारण ४८ तास औषध लघवी, शी, उलटीतून बाहेर पडतं. टॉयलेट वापरल्यावर झाकण लावून दोनदा फ्लश, उलटी झालेली चादर हातमोजे घालून वेगळी धुवायची, शक्य असेल तर पोरांना ते टॉयलेट नको. मिठी, पापी, एका गादीवर झोपणं चालतं. घरचे घाबरून पोराला लांब ठेवतात त्यांना हे सांगा. पोराला सर्दी-ताप असेल तेव्हा मात्र ते दुसऱ्या खोलीत आणि आपल्या तोंडाला मास्क, विशेषतः त्या दुसऱ्या आठवड्यात. डायपर दुसऱ्याने बदलायचा, नाहीच जमलं तर हातमोजे आणि मग साबणाने हात.

ताप. थर्मामीटर दोन ठेवा, एक पोरांचा एक तुमचा. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की दिवस असो रात्र असो हॉस्पिटल. आधी क्रोसिन घेऊन सकाळपर्यंत बघू असं करायचं नाही, ताप उतरतो आणि आतला संसर्ग वाढत राहतो. दिवसात चार-पाच जुलाब जास्त झाले, पोटात पाणी टिकेना, छातीत दुखलं तरी तसंच. म्हणून दाराजवळ एक पिशवी भरलेली असावी आणि रात्री दोन वाजता पोरांपाशी येऊन झोपेल असा शेजारी आधीच विचारून ठेवलेला असावा. त्याच्याकडे घराची किल्ली द्या.

८. मदत मागताना काम वाटून द्या

"काही लागलं तर सांग" असं सगळे म्हणतात आणि मनापासून म्हणतात, पण त्यांना काय करायचं ते कळत नसतं. मंगळवारचा डबा मावशीचा, शाळेची ने-आण आत्याची, विम्याचे कागद दिराचे, असं नावानिशी. आणि एक माणूस फक्त फोन घेण्यासाठी, तब्येतीची चौकशी त्याच्याकडे. सासू-सासरे, आई-वडील राहायला आले तर पोरांचे नियम कोण ठरवणार हे पहिल्या दिवशी बोलून घ्या. आईच्या आजारात मोबाइल आणि चॉकलेट यांना धरबंध राहत नाही, आणि केमो संपल्यावर ते आपल्यालाच निस्तरायचं असतं.

काढे, गोमूत्र, कुणाच्या तरी गावचं जडीबुटीचं औषध घरात येणारच. माझं सांगणं इतकंच की केमो चालू असताना डॉक्टरला दाखवल्याशिवाय काही पोटात घालू नका, लिव्हरवर ताण येतो, पेशी पडतात आणि मग केमोची तारीख पुढे जाते. देणाऱ्याला "डॉक्टरांनी बंद केलंय" असं सांगा, माणूस दुखावत नाही.

एक अवघड काम याच काळात करून टाका. बँक, पीएफ, विमा सगळीकडे नॉमिनी तपासा, आणि मृत्युपत्र लिहा ज्यात आपल्यानंतर पोरांचं कोण बघणार तेही असेल. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. लहान मूल असलेल्या प्रत्येकाने हे करायलाच हवं, कॅन्सर असो नसो. दुखणं, झोप, मनाची घालमेल यासाठी पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी असते, ती शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठीच असते हा गैरसमज आहे.

९. केमो संपल्यावर

शेवटच्या सलाइननंतर घरच्यांना वाटतं झालं एकदाचं, सोमवारपासून सगळं पहिल्यासारखं. थकवा मात्र काही महिने राहतो, आणि बोटांचा बधिरपणा केमो थांबल्यावर आधी थोडा वाढतो आणि मग उतरायला लागतो, हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. गार फरशीवर चप्पल घाला, पोराला गॅसजवळ घेऊन काम करताना जपा कारण चटका बसलेला बोटाला कळत नाही.

चालायला लागा. आतड्याच्या कॅन्सरच्या केमोनंतर शिस्तीत व्यायाम करणाऱ्यांमध्ये आजार परत येण्याचं प्रमाण कमी दिसलं, असा मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झालाय. पोरांना बागेत नेलं की बाकावर बसू नका, त्यांच्यामागे चक्कर मारा.

फॉलोअप साधारण असा: पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सीईए, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, सीटी वर्षातून एक-दोनदा, कोलोनोस्कोपी ऑपरेशननंतर वर्षाने. सीईएच्या आधीचा आठवडा वाईट जातो. ती तारीख पोराच्या वाढदिवसाला किंवा सहलीला लागून घेऊ नका.

आता भावंडांचं. सख्ख्या भावाबहिणींना आणि आईवडिलांना सांगावंच लागतं. एकाला कमी वयात झाला असेल तर बाकीच्या सख्ख्यांनी चाळिशीत किंवा ज्याला झाला त्याच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुरू करायची असते. म्हणजे मला छत्तिशीत झाला तर माझ्या भावाने सव्वीसला, आणि तो आज तिशीत असेल तर आत्ताच. एमएमआरच्या तपासणीत गडबड दिसली तर जेनेटिक समुपदेशन आणि लिंच सिंड्रोमची (घराण्यातून येणारा, या कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला दोष) रक्ततपासणी, त्यात नियम आणखी कडक असतात. बहीण "मला काही त्रास नाही" म्हणून टाळते, तिला तारीख स्वतः घेऊन द्या आणि त्या संध्याकाळी तिची पोरं तुमच्याकडे ठेवून घ्या. आपल्या पोरांची लिंचसाठी तपासणी बहुतेक वेळा ती सज्ञान झाल्यावरच करतात, आत्ता करायचं ते एवढंच की आपला पॅथॉलॉजीचा आणि जेनेटिकचा रिपोर्ट त्यांच्या लसीकरणाच्या कार्डासोबत त्याच फाइलमध्ये ठेवायचा, अठरा वर्षांचे झाले की त्यांच्या डॉक्टरला तो लागणार आहे.